‘डॉक्टर, राजीनामा देऊ का?’ : प्राध्यापकांचा थकवा आणि आपलं आरोग्य

मे महिन्यात बीपी १३०/८०. जूनच्या शेवटी त्याच माणसाचं, त्याच गोळीवर, १५८/१००. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा खाली आणि मार्चमध्ये परत वर. अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे. एका प्राध्यापकांच्या फाइलमधले दोन वर्षांचे आकडे मी एकदा एका कागदावर ओळीने लिहून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “डॉक्टर, हे तर आमचं अकॅडमिक कॅलेंडर आहे.” मग थोडं थांबून विचारलं, “राजीनामा देऊ का?”

ओळख पटू नये म्हणून या लेखात रुग्णांचे तपशील मी बदलले आहेत. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. गेल्या काही वर्षांत कॉलेजात शिकवणारी बरीच माणसं माझ्याकडे ॲसिडिटी, पाठदुखी, झोप न लागणं, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन येतात. औषध लिहून झाल्यावर, उठता उठता, नोकरी सोडण्याचा विषय काढतात. तुम्ही स्वतः शिकवत असाल, किंवा तुमच्या घरात असं कुणी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. तिथे बर्नआउटला ‘आजार’ म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर होणारा परिणाम असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे हा शब्द नोकरीच्या संदर्भातच वापरायचा. सासरचा त्रास किंवा कर्जाची चिंता यासाठी तो नाही.

त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत आणि तिन्हींसाठी मराठीत आधीपासून शब्द आहेत. पहिली, अंगातलं त्राण जाणं. आठ तास झोपूनही सकाळी उठवत नाही. दुसरी, कामाचा उबग. ज्या विषयावर एकेकाळी भरभरून बोलायचो, त्याच विषयाच्या आता पाट्या टाकायच्या. मुलं आली काय आणि न आली काय, सारखंच. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही, आपल्या शिकवण्याने कुणाचं काही भलं होत नाही, असं वाटत राहणं.

लोक पहिल्या खुणेसाठी डॉक्टरकडे येतात. दुसरी सांगायची लाज वाटते. “मला मुलांचा कंटाळा येतो” हे वाक्य प्राध्यापकाच्या तोंडून बाहेर पडायला तीन-चार भेटी लागतात. ते बाहेर पडलं की मला अर्धं निदान मिळतं.

हे आत्ताच का वाढलं?

रायगडचे माझे रुग्ण जे सांगतात, त्यामागे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या घडामोडी आहेत. आपला जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. अलिबाग, पेण, रोहा, मुरुड, श्रीवर्धन, महाड इथली पारंपरिक पदवी महाविद्यालयं याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळे विद्यापीठात जे घडतं, त्याचे पडसाद आमच्या ओपीडीत उमटतात.

२०१७ सालचा उन्हाळा आठवा. मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचा निर्णय ऐन परीक्षांच्या हंगामात अमलात आणला. परीक्षा ४७७ आणि उत्तरपत्रिका सुमारे सतरा लाख. यंत्रणा तयार नव्हती. पानं उलटसुलट दिसत, सर्व्हर बंद पडे. तेव्हाचे राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घातली. तीही पाळली गेली नाही. कुलगुरू संजय देशमुख यांना ऑक्टोबरमध्ये पदावरून दूर करण्यात आलं. वर्तमानपत्रांत विद्यार्थ्यांचे हाल आले, आणि ते खरेच होते. पण त्या सतरा लाख उत्तरपत्रिका स्क्रीनवर डोळे लावून कुणीतरी तपासल्या. डोळे कोरडे पडणं, मान आखडणं, डोकं दुखणं, रात्री दोनला जाग येणं, या तक्रारींचा तो हंगाम मला अजून आठवतो. स्क्रीनवरची तपासणी पुढे कायमची झाली, आणि मानेचं दुखणंही.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. मुरुड-श्रीवर्धनच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याच पावसाळ्यात ऑनलाइन शिकवणं सुरू झालं. एक मॅडम नेटवर्क मिळावं म्हणून रोज टेकाडावरच्या देवळात जाऊन फोनवर लेक्चर घेत. पलीकडे किती मुलं ऐकतायत हे त्यांना कधी कळलं नाही.

आणि आता नवीन शैक्षणिक धोरण. स्वायत्त महाविद्यालयांनंतर राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. धोरण चांगलं की वाईट हे सांगणं माझं काम नाही. पण मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, भारतीय ज्ञान परंपरा, फील्ड प्रोजेक्ट, या सगळ्यांचं वेळापत्रक बसवायचं, क्रेडिट मोजायचे, मुलांचे आयडी काढून द्यायचे, अंतर्गत गुण पोर्टलवर भरायचे. आणि हे करणारी माणसं पूर्वीइतकीच, किंवा कमी. कागदावर कामाचं मोजमाप स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आठवड्याला चाळीस तास काम, त्यात सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष शिकवण्याचे सोळा तास. नॅकची कागदपत्रं, प्रवेशासाठी गावोगाव फिरणं आणि निवडणुकीची ड्युटी (२०२४ मध्ये मे आणि नोव्हेंबर, दोनदा मतदान झालं) या चाळीस तासांत कशी बसवायची, ते ज्याचं त्याने बघायचं.

प्रवेशासाठी फिरण्याबद्दल थोडं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. विद्यार्थी कमी झाले की तुकडी जाते, तुकडी गेली की वर्कलोड जातो, वर्कलोड गेला की पद धोक्यात. म्हणून मे-जूनमध्ये पीएचडी झालेली माणसं बारावीच्या मुलांच्या घरी जाऊन “आमच्याकडे या” असं विनवतात. मुलं मुंबईला, पनवेलला जातात. जी राहतात त्यातली बरीच शनिवार-रविवार कॉटेजवर, हॉटेलात कामाला असतात आणि सोमवारी वर्गात दिसत नाहीत. “मी शिकवतो कुणाला?” हा प्रश्न बर्नआउटच्या तिसऱ्या खुणेचा मूळ गाभा आहे.

जागा रिकाम्या राहण्याची गोष्ट तर जुनीच. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने रिक्त पदांपैकी चाळीस टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापक भरायला परवानगी दिली. निम्मीही भरून होण्याआधी ४ मे २०२० ला करोनाच्या काळात वित्त विभागाने नव्या भरतीवर बंदी घातली. उरलेल्या २,०८८ जागांचा मार्ग २०२१ मध्ये मोकळा झाला. मधल्या काळात निवृत्त होणारे होतच होते. एखाद्या विभागात चार माणसांचं काम दोघं करतात, तेव्हा तिसरी खूण दोघांतही दिसू लागते.

ज्यांच्याकडे सोडायला नोकरीच नाही

वरचं सगळं पूर्णवेळ, कायम असलेल्यांबद्दल झालं. रिकाम्या जागांवर प्रत्यक्षात शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी शिक्षक. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. मे महिना, दिवाळी, आजारपण, बाळंतपण, कशाचेही नाहीत. नेमणूक दर वर्षी नव्याने. अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला दीड हजार, महिन्याला जास्तीत जास्त पन्नास हजार, असं मार्गदर्शन केलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या सीएचबी शिक्षकांपैकी कुणाच्या हातात महिन्याला पन्नास हजार पडल्याचं मी ऐकलेलं नाही. जे पडतात तेही कित्येकदा काही महिन्यांनी एकदम.

या मंडळींना राजीनाम्याचा विचार सुचतो, पण राजीनामा देणार कशाचा? सेट, पीएचडी झालेला छत्तीस वर्षांचा मुलगा सकाळी कॉलेजात दोन तास घेतो, दुपारी क्लासमध्ये शिकवतो आणि सुट्ट्यांत भावाच्या होम-स्टेवर पाहुण्यांची सोय बघतो. त्याचं लग्न ठरत नाही. घरात वडील म्हणतात, “अजून किती शिकणार?” त्याला तपासताना मी ‘बर्नआउट’ लिहीत नाही. त्याचा थकवा खरा आहे, पण त्यात पैशाची चिंता, अपमान आणि अनिश्चितता एवढी मिसळलेली असते की मला आधी नैराश्य आहे का ते बघावं लागतं.

माझं निरीक्षण असं, की आपल्याकडे नोकरी सोडावीशी वाटणारे पुष्कळ, पण प्रत्यक्ष सोडणारे अगदी थोडे. पगार चांगला, घराचं कर्ज चालू, गावात मान. आणि एकदा अनुदानित जागा सोडली की परत मिळणं नाही. मग ती इच्छा दहा-दहा वर्षं आत दाबून ठेवली जाते. तिचाच हिशेब पुढे बीपी, शुगर, झोपेच्या गोळ्या आणि संध्याकाळच्या दोन पेगमध्ये दिसतो. दीर्घ कामाच्या तासांचा धोका मोजलेलाही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. वडखळचा जाम धरला, तर पनवेलहून रोज अलिबागला ये-जा करणाऱ्याचे घराबाहेरचे तास सहज साठच्या पुढे जातात.

आधी शरीर तपासून घ्या

“मला बर्नआउट झालाय” असं ठरवून येऊ नका. थकव्याची साधी, बरी होणारी कारणं आधी बाजूला काढायला हवीत. मी हिमोग्लोबिन, थायरॉइड, उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी, व्हिटॅमिन बी-१२ एवढं बहुतेकांचं बघतो. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी सापडणं रोजचंच आहे. पंचेचाळिशीच्या आसपासच्या मॅडमना झोपमोड, घाम, चिडचिड होत असेल तर पाळी जाण्याच्या आधीचा काळ सुरू झालाय का हेही विचारतो. ते त्या स्वतःहून सांगत नाहीत. जाड मान, मोठं घोरणं आणि दिवसा डुलकी असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. त्यातही बीपी ऐकत नाही.

आवाजाकडेही लक्ष द्या. शिकवणाऱ्यांचा घसा बसतो, हे खरं. पण तीन आठवड्यांहून जास्त दिवस आवाज बसलेला असेल, विशेषतः तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच.

घरी बीपीचं यंत्र असेल तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस मोजा आणि लिहून ठेवा. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं. सुट्टीत एक आठवडा आणि कॉलेज चालू असताना एक आठवडा असं मोजलंत, तर मला तुमच्याशी बोलायला चांगला पुरावा मिळतो. मात्र सुट्टीत बीपी कमी आलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

टेस्ट सगळ्या नॉर्मल आल्या की घरचे म्हणतात, “बघ, काही नाही झालेलं.” नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की रक्तात कारण सापडलं नाही.

बर्नआउट की डिप्रेशन?

हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, एमबीबीएस डॉक्टर आहे. पण पहिली चाळणी माझ्याच हातात असते. मी साधारण असं विचारतो : रविवारी कसं वाटतं? गणपतीला घरी पाहुणे आल्यावर मन रमतं का? आवडीची मासळी ताटात आली तर चव लागते का? कामापासून दूर गेल्यावर माणूस माणसात येत असेल, तर त्रास मुख्यतः कामाशी बांधलेला आहे. सुट्टीतही तसंच वाटत असेल, कशातच रस नसेल, भूक-झोप गेली असेल, सगळी चूक आपलीच असं वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला औषधं आणि समुपदेशन लागतं, आणि त्याने माणसं बरी होतात. खूप दिवसांच्या बर्नआउटमध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात, म्हणून स्वतःचं निदान स्वतः करू नका.

एक प्रश्न मी प्रत्येकाला सरळ विचारतो : “नोकरी नको वाटते, की जगणंच नको वाटतं?” विचारल्याने असे विचार कुणाच्या डोक्यात येत नाहीत, आधीपासून असतील तर बोलायला वाट मिळते. उत्तर दुसरं असेल, किंवा बोलण्यात “माझ्यामागे तुमचं बरं होईल” असं काही येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि माणसाला एकटं सोडू नका. जिल्ह्यात अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. गावात कुणी बघेल म्हणून ज्यांचं पाऊल दवाखान्याकडे वळत नाही, त्यांच्यासाठी सुरुवात म्हणून हा फोन चांगला.

झोपेच्या गोळ्यांबद्दल. ‘सहकाऱ्याला लागू पडली’ म्हणून अल्प्राझोलमची पट्टी आणून रोज अर्धी गोळी घेणारे मला दर महिन्याला भेटतात. या गोळीची सवय लागते, आणि ती एकदम बंद केली तरी त्रास होतो. घेत असाल तर लपवू नका. हळूहळू कमी करता येते.

मग राजीनाम्याचं काय?

माझ्या रुग्णांना मी सांगतो : झोप सुधारल्याशिवाय राजीनामा लिहायचा नाही. बीपी ताब्यात येऊ दे, नैराश्य असेल तर उपचार सुरू होऊन दीड-दोन महिने जाऊ देत, मग बसा. थकलेल्या मेंदूला दोनच रस्ते दिसतात, असंच सहन करत राहायचं किंवा सगळं सोडून द्यायचं. मधले रस्ते दिसायला झोप लागते.

मधले रस्ते म्हणजे काय? एक मॅडम नॅकच्या समितीवर पाच वर्षं होत्या. त्यांनी प्राचार्यांना लेखी कळवून ते काम सोडलं, शिकवणं ठेवलं. दुसरे एक सर परीक्षा विभागातून बाहेर पडले. कुणी शिल्लक रजा घेतो. तुमचा त्रास शिकवण्याचा आहे, की शिकवण्याच्या भोवतीच्या कामाचा, हे एका कागदावर दोन रकाने करून लिहा. बहुतेकांचा दुसरा रकाना लांब होतो. शिकवण्याचाच रकाना लांब झाला आणि तीन-चार महिने तसाच राहिला, तर नोकरी बदलण्याचा विचार वेडेपणा नाही. काही माणसांना सोडल्यानेच बरं वाटलंय, हे मी बघितलं आहे.

पैशाचा हिशेब मात्र आधी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, अंशदायी योजना आहे. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्या दोन सहकाऱ्यांचं गणित एकसारखं नसतं. घराचे हप्ते, मुलांची फी, आई-वडिलांची औषधं, आणि नोकरीसोबत जाणारं वैद्यकीय संरक्षण, हे सगळं मांडा. स्वतंत्र आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे, हेही पॉलिसी घेताना विचारा.

सर्टिफिकेट

हा विषय अवघड आहे, पण टाळत नाही. “डॉक्टर, व्हायरल लिहा ना, डिप्रेशन नको,” अशी विनंती मला होते. मला त्यामागची भीती कळते. स्टाफरूममध्ये कागद फिरतो. पण खोटं प्रमाणपत्र देणं हा डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा आहे, त्यात नोंदणी जाऊ शकते. शिवाय ते तुमच्याच विरोधात जातं : सहा महिन्यांनी खरोखर मोठी रजा लागली, तर फाइलमध्ये फक्त चार वेळा ताप असतो. आणि बर्नआउट हे आजाराचं नाव नसल्यामुळे तेवढ्यावर वैद्यकीय रजेचं प्रमाणपत्र होत नाही. जे प्रत्यक्ष सापडलं आहे, म्हणजे ताब्यात नसलेला रक्तदाब, निद्रानाश, नैराश्य, तेच मी लिहितो. रुग्णाची इच्छा असेल तर मोजक्या शब्दांत. मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल गोपनीयता हा त्याच कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे.

कॉलेजांनी काय करावं हे सांगायला मला कुणी बोलावत नाही. एकदा बोलावलं होतं, ‘तणावमुक्ती’ या विषयावरच्या एकदिवसीय कार्यशाळेत. तासभर बोललो. शेवटी सगळ्यांना थांबवून ठिकाण-वेळेच्या शिक्क्यासह फोटो काढले, कारण अहवालाला जोडायचे होते. शेजारी बसलेल्या मॅडम हळूच म्हणाल्या, “आता हा अहवाल मलाच लिहायचाय.” प्राणायामाने फायदा होतो, मी स्वतः करतो. पण चार माणसांचं काम दोघांवर असेल तर प्राणायामाने ते तिघांवर येत नाही.

घरच्यांसाठी

“एवढा पगार, एवढ्या सुट्ट्या, तुला कसला आलाय ताण?” हे वाक्य बंद करा. शेजारीपाजारी ते म्हणतच असतात. २०१३ साली प्राध्यापकांनी फेब्रुवारी ते मे परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता, तेव्हापासून तर लोकांच्या मनात ‘यांचं नेहमीचंच’ असं बसलंय. निदान घरात तरी ते ऐकू येऊ नये.

रात्री जेवताना लॅपटॉप उघडा असेल तर भांडू नका, पण “आज किती वाजता बंद करणार?” असं विचारा आणि ती वेळ पाळायला लावा. संध्याकाळची दारू वाढली असेल तर माणूस शुद्धीत असताना, सकाळी, बोला. डॉक्टरकडे सोबत या. बाहेर बसलेल्या वहिनींनी जे सांगितलं, ते आत बसलेल्या सरांनी तीन भेटींत सांगितलं नव्हतं, असं अनेकदा झालंय. आणि राजीनाम्याचा विषय निघाला की लगेच “मग हप्ते कोण भरणार?” म्हणू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या, हप्त्यांवर दुसऱ्या दिवशी बोला.

त्या कॅलेंडरवाल्या सरांनी राजीनामा दिला नाही. परीक्षा विभागाचं काम सोडलं. त्यावरून वरिष्ठांशी थोडं वाजलं. गोळी मी बदलली, दारू आता शनिवारी फक्त. मार्चमध्ये बीपी १४२/९० होतं. मुलाचं इंजिनिअरिंग दोन वर्षांत संपेल, तेव्हा पुन्हा विचार करू, असं नवरा-बायकोने ठरवलंय. जून जवळ आलाय. येताना घरच्या आकड्यांची वही आणा, असं मी त्यांना सांगितलं आहे.